नदीचा डेटा आहे, तरी निर्णय का बदलत नाहीत? (मॉनिटरिंगच्या मसुद्यावर सूचना हव्यात)

काठावरची
बरेच दिवस हा धागा काढीन काढीन म्हणत होते. आमच्या गटाला एका नदीच्या मॉनिटरिंगच्या मसुद्यावर सूचना पाठवायच्यात, हातात महिनाभर आहे. नदीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा त्या नदीच्या राजकारणावर जाते आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

मसुदा साधारण असा आहे: १२ ठिकाणं, महिन्यातून एकदा सॅम्पल, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खर्च होतो ते), नायट्रेट, फॉस्फेट, कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) आणि वर्षाअखेर अहवाल. मागच्या नऊ वर्षांचे अहवालही मिळाले, सगळे बसून वाचले. प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य आहे, "परिस्थितीवर लक्ष ठेवणे आवश्यक". नऊ वर्षं तेच. वाचताना खरंच पोटात कालवलं, कारण त्याच नऊ वर्षांत तिथले मासे कमी होताना आम्ही डोळ्यांनी बघितलेत.

आणखी एक कोडं. आमच्या गटातल्या मुलांनी उन्हाळ्यात पहाटे पाचला मीटर टाकला तर ऑक्सिजन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली आला. त्याच आठवड्यात, त्याच ठिकाणी अहवालातला आकडा ६ च्या वर. मीटर दोनदा तपासला, बरोबर होता. मग खोटं कोण?

मला जाणून घ्यायचंय की मोजमापामुळे निर्णय खरोखर बदलले असं जगात कुठे झालंय का, आणि झालं असेल तर तिथे नेमकं काय वेगळं केलं होतं.

शेवाळ
खोटं कोणीच नाही ताई, दोन्ही आकडे खरे असणार. दिवसा पाण्यातलं शेवाळ आणि वनस्पती उन्हात ऑक्सिजन सोडतात, त्यामुळे दुपार कलताना तो सगळ्यात जास्त असतो. रात्री तेच शेवाळ, मासे, तळाचे जिवाणू सगळे मिळून तो वापरतात आणि भर पडत नाही, म्हणून सूर्योदयाच्या आधी तो सगळ्यात खाली जातो. खतांचं आणि सांडपाण्याचं पोषण जितकं जास्त तितका हा झोका मोठा. त्यातून उन्हाळ्यात मुळातच जागा कमी, २० अंशाला पाण्यात साधारण ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो तर ३० अंशाला ७.५ च. सरकारी सॅम्पल घेणारा माणूस कार्यालयीन वेळेत निघतो, अकरा-बाराला नदीवर पोचतो, म्हणजे नदीची तब्येत ती बरी असतानाच तपासली जाते. मासा मात्र पहाटे मरतो.

म्हणून पहिली सूचना हीच लिहा की ऑक्सिजन चोवीस तास मोजा. सगळ्या १२ ठिकाणी नाही जमलं तर तीन ठिकाणी, पण सलग.

काठावरची
हे इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं. नऊ वर्षांत एकाही अहवालात सॅम्पलची वेळ लिहिलेली नाही.

परीक्षानळी
मी बरीच वर्षं पाण्याच्या लॅबमध्ये काढलीत त्यामुळे दुसरी बाजूही सांगते. सलग मोजणारा प्रोब (पाण्यात बुडवून ठेवायचा मीटर) टाकला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. त्याच्यावर पंधरा दिवसांत शेवाळाचा थर बसतो, गाळ बसतो आणि रीडिंग हळूहळू सरकत जातं. मग आलेखात नदी बिघडताना दिसते पण बिघडलेला असतो प्रोब. स्वच्छ करायच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही रीडिंग लिहून ठेवावी लागतात, म्हणजे किती सरकलं ते कळतं आणि मधला डेटा दुरुस्त करता येतो. प्रोब घ्यायला पैसे मिळतात हो, तो पुसायला जाणाऱ्या माणसाच्या फेऱ्यांना मिळत नाहीत. मसुद्यात देखभालीची वेगळी तरतूद मागा, नाहीतर वर्षभरात ती यंत्रं नदीत लोंबकळत राहतील.

आणि बीओडीबद्दल थोडं. ही चाचणी पाच दिवसांची. ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने १९१२ च्या अहवालात तिच्यावर आधारलेला मानदंड दिला, बाहेर सोडायच्या पाण्यात लिटरमागे बीओडी २० मिलिग्रॅम आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅमपर्यंत, आणि तोही नदीत ते पाणी निदान आठ पट पातळ होत असेल तर. ही शेवटची अट लोक विसरले आणि २० आणि ३० तेवढे जगभर पोचले. उन्हाळ्यात नदीत आठ पट पाणीच नसेल तर तो आकडा पाळूनही नदी मरू शकते. मला ही गोष्ट नेहमी फार महत्त्वाची वाटते.

जुना_गेजवाला
परीक्षानळीताईंनी शेवटी जे लिहिलं तिथूनच पुढे. मसुद्यात प्रवाह मोजायचा उल्लेखच दिसत नाही मला. १२ ठिकाणी पाण्यात काय आहे ते मोजणार पण पाणी किती आहे ते नाही? मग आकड्याचा अर्थ काय लावणार.

सोपा हिशोब करून दाखवतो. कोरड्या दिवसात विसर्ग सेकंदाला १० घनमीटर आणि नायट्रेट लिटरमागे २ मिलिग्रॅम. म्हणजे सेकंदाला २० ग्रॅम, दिवसाला १,७२८ किलो. आता पूर आला, विसर्ग २०० घनमीटर आणि नायट्रेट निम्मं, १ मिलिग्रॅम. अहवालात लिहिणार "सुधारणा". प्रत्यक्षात दिवसाला १७,२८० किलो वाहून गेलं, दहा पट. खाली धरण असो, खाडी असो, त्याला हे किलो भोगावे लागतात, मिलिग्रॅम प्रति लिटर नाही. आणि महिन्यातून एकदा, तेही रस्ता कोरडा असताना जाणारा माणूस पुराच्या दिवशी नदीवर नसतोच, त्यामुळे वर्षभराचा मोठा वाटा ज्या चार-पाच दिवसांत वाहतो ते दिवस कागदावर येतच नाहीत.

अजून एक, पातळीवरून विसर्ग काढायचा तक्ता दर मोठ्या पुरानंतर पुन्हा तपासावा लागतो. पात्र खरवडतं, कुठे गाळ साचतो, मग तीच पातळी पण पाणी वेगळं. आम्ही पूर ओसरायच्या आतच करंट मीटर (पाण्याचा वेग मोजायचं यंत्र) घेऊन पुलावर जायचो, हात गारठायचे, पण तेवढ्यासाठीच वर्षभर वाट बघितलेली असायची. पातळीची पट्टी वाचणारा माणूस आणि मीटर घेऊन जाणारा माणूस हे दोघं नसतील तर वरचं सगळं विज्ञान हवेत आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

नवीन_वाचक
खूप माहितीपूर्ण धागा. वाचतोय.

आकडेमोड
नऊ वर्षांचा डेटा आहे म्हणता तर दोन गोष्टी तपासा. एक, "मापनमर्यादेपेक्षा कमी" (म्हणजे यंत्राला ओळखता येईल त्याहून कमी) असं लॅब लिहिते तिथे कोणीतरी शून्य भरलंय का. मधल्या काळात लॅबने चांगलं यंत्र घेतलं आणि मर्यादा ०.५ वरून ०.०५ झाली तर जिथे आधी शून्य होतं तिथे आता ०.३ दिसायला लागतं आणि प्रदूषण वाढलं असं वाटतं, नदीत काहीच बदललेलं नसताना. उलट कोणी मर्यादेचा अर्धा आकडा भरत असेल तर कृत्रिम घट दिसते. दोन, ठिकाणं सरकलीत का. पुलाच्या वर आणि पुलाच्या खाली यात एक नाला आला तर ते वेगळंच ठिकाण.

आता जगातल्या उदाहरणांचं. माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं हबर्ड ब्रूक, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरमधलं जंगल. बोर्मन आणि लायकन्स वगैरे मंडळींनी तिथे १९६३ पासून छोट्या ओढ्यांचे पाणलोट वेगवेगळे धरून पाऊस किती पडला, त्यात काय होतं, ओढ्यातून काय बाहेर गेलं याचा जमाखर्च ठेवायला सुरुवात केली, आठवड्याला सॅम्पल. मूळ उद्देश जंगलातल्या पोषकद्रव्यांचा हिशोब होता, आम्लपर्जन्य शोधायला कोणी गेलं नव्हतं. पण पावसाचा पीएच ४ च्या आसपास, म्हणजे चांगलाच आम्ल निघाला, जवळपास कारखाने नसताना. पुढे याच नोंदी १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्तीला उपयोगी पडल्या आणि गंधकाचं उत्सर्जन खाली आणलं गेलं. त्या मालिकेचे तीन-चार वर्षांचे सुटे तुकडे काढले तर कधी चढ दिसतो, कधी उतार दिसतो, ज्याला जे हवं ते सिद्ध करता येईल. पूर्ण लांबी ठेवली की मगच खरी दिशा दिसते. म्हणून तीन वर्षांचा प्रकल्प आणि मग निधी बंद, या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे.

कलम_पोटकलम
कायद्याच्या बाजूने एक वेगळं मत मांडतो, कदाचित इथे आवडणार नाही. नदीतल्या मोजमापावर सगळं टांगू नका.

अमेरिकेत १९७२ पूर्वी नेमकं हेच होतं. १९६५ च्या कायद्याने राज्यांना नदीच्या पाण्याचे मानदंड ठरवायला सांगितले, पण मानदंड मोडला की सिद्ध करायचं होतं की तो कोणामुळे मोडला. एका नदीवर वीस जण पाणी सोडतायत, प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवणार, आणि विज्ञानाला "नक्की कोण" हे सांगताना वर्षं लागणार. १९७२ च्या कायद्याने हे उलटं केलं: परवान्याशिवाय कोणत्याही नळातून नदीत प्रदूषक सोडणं बेकायदा, आणि परवान्यातली मर्यादा उपलब्ध तंत्रज्ञानाने काय शक्य आहे त्यावरून. नदी आजारी आहे हे सिद्ध व्हायची वाट बघायची नाही. नळाच्या तोंडाशी मोजा, मर्यादा ओलांडली की कारवाई. अनेक नद्या त्यामुळेच सुधारल्या.

तेव्हा ताई, तुमच्या १२ ठिकाणांच्या आधी एक प्रश्न विचारा की नदीत येणाऱ्या नळांच्या तोंडाशी कोण मोजतंय आणि ते आकडे लोकांसमोर येतात का.

शेवाळ
@कलम_पोटकलम मुद्दा मान्य, पण अर्धाच. नळ दिसतात, शेतातून आणि रस्त्यांवरून वाहून येणारं पाणी दिसत नाही. १९७२ चा कायदा तिथेच अडला ना? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागराचं बघा. सांडपाणी केंद्रं सुधारली तरी उपसागरात दर उन्हाळ्यात ऑक्सिजन नसलेला पट्टा तयार होतच राहिला, कारण नायट्रोजनचा मोठा वाटा शेतातून येत होता. शेवटी २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेला सहा राज्यं आणि राजधानी यांच्यासाठी मिळून वर्षाला किती येऊ द्यायचं याची हद्द घालावी लागली, नायट्रोजन १८.५९ कोटी पौंड, फॉस्फरस १.२५ कोटी पौंड, आणि मग ते उपनद्यांमध्ये वाटून दिलं. ही वाटणी नदीतल्या मोजमापाशिवाय आणि गेजवाल्या काकांच्या किलोच्या हिशोबाशिवाय झालीच नसती.

आणि ज्याची मर्यादाच परवान्यात नाही त्याचं काय? सिएटलच्या आसपासचे ओढे. नव्वदच्या दशकात लोकांनी मेहनत घेऊन ते सुधारले, काठ बांधले, झाडं लावली, कोहो जातीचे सामन मासे परत आले. आणि पाऊस पडला की अंडी घालायच्या आधीच मरायला लागले, तोंड उघडं टाकून गोल गोल फिरत. पाण्याच्या नेहमीच्या सगळ्या चाचण्या ठीक. कित्येक वर्षं शोध चालला, रस्त्यावरच्या पाण्यातली हजारो रसायनं गाळत गाळत डिसेंबर २०२० मध्ये एक सापडलं: ६पीपीडी-क्विनोन. टायरचं रबर ओझोनने चिरू नये म्हणून ६पीपीडी घालतात, टायर झिजला की ते हवेत बदलतं आणि पावसाबरोबर ओढ्यात येतं. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असलं तरी कोहो मरतो. पुढे ऑक्टोबर २०२३ पासून कॅलिफोर्नियाने ६पीपीडी असलेल्या टायरना प्राधान्याच्या यादीत घालून उत्पादकांना पर्याय शोधायला भाग पाडलं. तेच रस्त्यावरचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं तर मासे वाचतात हेही प्रयोगात दिसलं होतं. म्हणजे हे सगळं सुरू झालं ते कोणीतरी ओढ्याच्या काठाने चालत मेलेले मासे मोजले, त्यांची पोटं उघडून अंडी तशीच आहेत हे लिहून ठेवलं म्हणून. तुमच्या मसुद्यात एकही जिवंत गोष्ट मोजायची नाहीये, मला ते सगळ्यात जास्त खटकतंय.

काठावरची
तेच विचारणार होते. आमच्या गटात कोणी जीवशास्त्रवाला नाही. आम्हाला झेपेल असं काही आहे का? मासे मोजणं अवघड वाटतं.

शेवाळ
मासे नको, तळाचे किडे मोजा. खळाळत्या पाण्यात जाळी धरायची, तिच्या वरच्या बाजूला तीन मिनिटं पायाने गोटे ढवळायचे, जे वाहत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्या अळ्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. त्या गेल्या आणि नुसत्या लाल अळ्या आणि गांडुळासारखे किडे उरले तर तिथे काहीतरी झालंय. आणि हे किडे कित्येक महिने तिथेच राहतात म्हणून रात्री सोडलेलं पाणीही त्यांच्या हिशोबात येतं, सॅम्पलवाला नव्हता तरी ते होतेच. रूथ पॅट्रिक यांनी १९४८ मध्ये पेनसिल्वेनियातल्या कोनेस्टोगा खोऱ्यात हेच दाखवलं होतं, की किती जाती राहतात यावरून नदीवर किती ताण आहे ते कळतं.

ब्रिटनमध्ये गळ टाकणारे लोक २००७ पासून हे करतायत, तिथली पद्धत मला फार आवडते. आठच गट मोजायचे, एका दिवसाच्या सरावात जमतं. आणि प्रत्येक ठिकाणासाठी सरकारी जीवशास्त्रज्ञाबरोबर आधीच एक उंबरठा ठरलेला असतो. गुण त्याच्या खाली गेले की पुन्हा मोजून खात्री करायची आणि ठरलेल्या माणसाला कळवायचं, त्याने येऊन बघायचं.

आकडेमोड
ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या चार ओळींत आहे बघा. हबर्ड ब्रूकच्या वेळी आकडे आणि कायदा यांच्यात जवळपास तीस वर्षं गेली. इथे आकडा यायच्या आधीच ठरलंय की तो आला तर कोण काय करणार. तुमच्या नऊ अहवालांत आकडे आहेत, पण कुठल्या आकड्याला कोणी उठून उभं राहायचं ते कुठेच नाही. मग "लक्ष ठेवणे आवश्यक" याशिवाय लिहिणाऱ्याने लिहायचं तरी काय?

परीक्षानळी
याला जोडून टेम्सचं उदाहरण. लंडनमधला टेम्स १९५७ मध्ये जीवशास्त्रीय दृष्ट्या मृत ठरवला होता. साठ-सत्तरच्या दशकांत सांडपाणी केंद्रं सुधारल्यावर मासे परतले, १९७४ मध्ये सामन सापडला. पण जोराचा पाऊस झाला की जुन्या गटारांतून मैलापाणी नदीत यायचंच. मग पात्रात सलग ऑक्सिजन मोजणारी स्टेशनं होती, ती घसरण दाखवायला लागली की ऑक्सिजन सोडणारी बोट पाठवायचे, दिवसाला ३० टनांपर्यंत ऑक्सिजन. आकडा पडला, बोट निघाली, मध्ये समिती नाही.

पण मला त्याच्या पुढचा टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो. बोट म्हणजे मलमपट्टी. कायमचं काम किती मोठं हवं हे ठरवायला त्यांनी टेम्समधल्या माशांवर चाचण्या केल्या, कुठला मासा किती ऑक्सिजनला किती वेळ टिकतो, आणि त्यावरून नुसता एक आकडा न ठेवता पायऱ्या केल्या. वरची पायरी ४ मिलिग्रॅमची, खालची १.५ ची, आणि प्रत्येकीला दोन अटी, इतक्या खाली सलग किती भरती-ओहोटी चालेल आणि किती वर्षांतून एकदा चालेल. या पायऱ्या पाळायच्या तर गटारांचं पाणी अडवावंच लागतं असं निघालं आणि २५ किलोमीटरचा बोगदा झाला, २०२५ मध्ये सगळा जोडला गेला. माशाला किती वेळ श्वास रोखता येतो यावरून एका शहराच्या बोगद्याचं माप निघालं, हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं.

कलम_पोटकलम
हे पटलं. माझा विरोध नदीत मोजण्याला नव्हता, पुरावा पुरेसा नाही या सबबीला होता. उंबरठा आधी ठरला तर ती सबब उरत नाही. फक्त उंबरठा ओलांडल्यावर "संबंधित विभागाने योग्य ती कार्यवाही करावी" असं लिहिलं तर परत तेच. पदनाम लिहा, किती तासांत ते लिहा, आणि नाही केलं तर कुठे दाद मागायची ते लिहा.

सीमा ओलांडणाऱ्या नदीसाठी ऱ्हाईन बघा. १ नोव्हेंबर १९८६ ला बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. नदीचा आयोग १९५० पासून होता, नोंदीही होत्या. आगीनंतर वर्षभरात, १९८७ मध्ये, त्यांनी कृती कार्यक्रम ठरवला आणि उद्दिष्ट ठेवलं की २००० सालापर्यंत सामन परत यायला हवा. कुठल्याही देशातल्या कुठल्याही माणसाला कळेल असं उद्दिष्ट. पण त्यासाठी आग लागायला लागली याचं वाईट वाटतं.

जुना_गेजवाला
सगळे ऑक्सिजनवर बोलतायत म्हणून परत पाण्याकडे आणतो. ऑस्ट्रेलियात मेनिंडीला डार्लिंग नदीत डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०१९ मध्ये लाखो मासे मेले, त्यात कित्येक दशकं जगलेले मरे कॉड होते. थेट कारण ऑक्सिजन: नदी डबक्यांसारखी थांबली, वर शेवाळ माजलं, उन्हाने वरचं पाणी गरम आणि खालचं थंड असे थर झाले, खाली ऑक्सिजन संपला, आणि अचानक थंड हवा आली तेव्हा थर उलथून सगळंच पाणी ऑक्सिजनशिवाय झालं. पण नदी थांबली का? दुष्काळ होताच, पण वरून उपसाही होता. नुसता ऑक्सिजनचा उंबरठा ठेवला असता तर तो ओलांडेपर्यंत करण्यासारखं काही उरलंच नसतं. म्हणून ऑक्सिजनच्या आधी वाजेल असा प्रवाहाचा उंबरठा हवा. विसर्ग अमुकच्या खाली गेला की उपसा कमी, हे आधी लिहून ठेवा.

काठावरची
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून सूचनांचा कच्चा खर्डा केलाय, थोडक्यात टाकते, चुका सांगा.

१२ ठिकाणांची ८ करावीत, वाचलेल्या पैशातून तीन ठिकाणी ऑक्सिजन आणि तापमान सलग, प्रोब पुसायच्या फेऱ्यांचा खर्च वेगळा दाखवून. दोन ठिकाणी विसर्ग, तक्ता दर मोठ्या पुरानंतर तपासून. पावसाळ्यात वर्षाला निदान चार पूर धरून चढत्या आणि उतरत्या पाण्याची सॅम्पलं. वर्षातून दोनदा तळाचे किडे, गटातले लोक करतील, जीवशास्त्रज्ञाने सराव द्यावा आणि दहातलं एक सॅम्पल पुन्हा तपासावं. नळांच्या तोंडाचे आकडे महिन्याच्या आत जाहीर. मापनमर्यादा आणि वेळ प्रत्येक आकड्याशेजारी. आणि शेवटी एक तक्ता: कुठला उंबरठा, किती वेळ, कळवायचं कोणी, यायचं कोणी, किती तासांत. विसर्गाचा उंबरठा पहिल्या ओळीत.

तक्त्यात आकडे कुठले भरायचे तिथे अडलेय. आमच्या माशांवर तर चाचण्या झालेल्या नाहीत.

शेवाळ
रिकामं सोडू नका, रिकामी जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते. नऊ वर्षांत नदीचा जो भाग त्यातल्या त्यात चांगला राहिला तिथे एक उन्हाळा सलग मोजा आणि तिथला पहाटेचा नीचांक तात्पुरता उंबरठा म्हणून घाला, "चाचण्या होईपर्यंत" असं लिहून. माशांच्या चाचण्या करायची मागणी वेगळ्या ओळीत.

आकडेमोड
आणि १२ ची ८ करताना जुनी मालिका असलेली ठिकाणं कापू नका. कुठली चार जातायत?

काठावरची
सगळ्यात वरची दोन आणि मधली दोन. वरची दोन नेहमीच चांगली येतात म्हणून.

आकडेमोड
वरची दोन्ही ठेवा ताई. खाली काय बिघडलं हे त्यांच्याशी ताडूनच कळणार आहे, आणि शेवाळ म्हणतायत तो उंबरठाही तिथूनच निघणार. मधली दोन कापा, आणि एखादं वर्ष जुनं-नवं शेजारी शेजारी चालवून मग बंद करा.

काठावरची
बदलते. मधल्या दोघांपैकी एक नाल्याच्या लगेच खाली आहे, ते पण ठेवते. ११ झाली.